फोटो ‘शार्प’ करा, पण वाघाचे पट्टे सोडून! टिपेश्वरच्या निमित्ताने समजून घ्या मोबाइल एडिटिंगचे गणित

पांढरकवडा : टिपेश्वर अभयारण्यातली सकाळची सफारी आटोपून जिप्सी सुन्ना गेटमधून बाहेर पडल्या, की थोड्याच वेळात पांढरकवड्यापासून नागपूरपर्यंतच्या ग्रुपवर वाघांचे फोटो फिरू लागतात. त्यात कॅमेऱ्यातून जसाच्या तसा आलेला फोटो आता शोधावा लागतो. मिशीचा केस न् केस वेगळा, डोळे काचेसारखे, अंगावरचे पट्टे काळ्या शाईने गिरवल्यासारखे! फोटो कॅमेऱ्यातला असो वा मोबाइलमधला, शेवटचा हात फोनवरच फिरतो आणि धूसर फोटोही दोन मिनिटांत ‘कडक’ होतो. यात गैर काही नाही. आपला फोटो चांगला दिसावा, असे कोणाला वाटत नाही?

अडचण वेगळी आहे. पांढरकवडा वनविभागात वाघाचा फोटो हा नुसता स्टेटसला ठेवायचा विषय नाही. इथे वाघ नेमका कोणता, हे फोटोतल्या पट्ट्यांवरून ठरते. त्या ओळखीवर कधी गावाची सुरक्षितता अवलंबून असते, तर कधी त्या वाघाचा जीव. म्हणून फोटोतला कोणता भाग धारदार करायचा आणि कोणत्या भागाला हात लावायचा नाही, हे एकदा नीट समजून घेतलेले बरे.

शार्पनिंगमध्ये नेमके काय होते?

शार्पनिंगने फोटोत दडलेला तपशील बाहेर येतो, असा सर्रास समज आहे. तसे होत नाही. सॉफ्टवेअर फोटोत फक्त कडा शोधते. जिथे गडद आणि फिकट रंग शेजारी येतात, तिथे गडद बाजू आणखी गडद आणि फिकट बाजू आणखी फिकट केली जाते.

आकड्यांत सांगायचे तर असे. फोटोतल्या प्रत्येक पिक्सेलच्या उजेडाला ० म्हणजे काळा ते २५५ म्हणजे पांढरा असा क्रमांक असतो. वाघाच्या पट्ट्याच्या किनारीवर शेजारशेजारचे दोन पिक्सेल १०० आणि १५० आहेत, असे धरा. शार्पनिंगनंतर ते ८५ आणि १६५ झाले. पन्नासचा फरक ऐंशीवर गेला आणि डोळ्याला किनार ठसठशीत दिसू लागली. वाघाबद्दलची नवी माहिती मात्र एका पैशाचीही आलेली नाही.

ही युक्ती मोबाइलपेक्षा कितीतरी जुनी. फिल्मच्या जमान्यात डार्करूममध्ये निगेटिव्हची मुद्दाम धूसर प्रत काढून ती मूळ निगेटिव्हला जोडून छपाई करत. मूळ चित्रातून धूसर चित्र वजा केले की उरतात त्या कडाच. त्या कडांचा जोर वाढवला की चित्र रेखीव दिसते. फोटोशॉप किंवा मोफत मिळणाऱ्या जिम्पमध्ये आजही या टूलचे नाव ‘अनशार्प मास्क’ आहे. धारदार करणाऱ्या अवजाराला ‘अनशार्प’ का म्हणतात, हा नवख्यांना पडणारा प्रश्न इथे सुटतो.

जोर जास्त झाला की वाघाच्या पाठीभोवती पांढरी कड उमटते. कात्रीने कापून चिकटवल्यासारखा वाघ दिसू लागतो. फोकसच वाघाऐवजी पुढच्या गवतावर गेला असेल, तर कितीही शार्पनिंग करा, चोख दिसेल ते गवत! आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. मोबाइलने काढलेला फोटो गॅलरीत येण्याआधीच फोनने एकदा शार्प केलेला असतो. त्यावर पुन्हा जोर लावला की चेहऱ्याची साल निघाल्यासारखी दिसते ती यामुळेच.

मग सगळा फोटो एकसारखा का शार्प करू नये?

टिपेश्वर हे सागवानाचे, पानगळीचे जंगल. उन्हाळ्यात खाली वाळलेली पाने, पिवळे गवत आणि जिप्सीच्या चाकांनी उडालेली धूळ. अशा फोटोवर एकच स्लायडर शेवटपर्यंत ओढला, तर गवताची प्रत्येक काडी, पानाची प्रत्येक शीर आणि कमी उजेडामुळे आलेले रंगीत दाणे, म्हणजे ‘नॉइज’, हे सगळे वाघाइतक्याच जोरात ओरडू लागते. पाहणाऱ्याची नजर कुठेच टिकत नाही. कॅमेऱ्याने मागचे जंगल धूसर ठेवून वाघाला पुढे आणलेले असते. सरसकट शार्पनिंग तो फायदा घालवते. शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचे तर इथे ठिबक लावायचे, पाट फोडायचा नाही.

ठिबक लावण्याचे मार्ग मोबाइलवर आहेत आणि बरेचसे फुकट आहेत. ‘स्नॅपसीड’मध्ये ‘डिटेल्स’ हे टूल आहे. त्यात दोन गोष्टी मिळतात : ‘स्ट्रक्चर’ आणि ‘शार्पनिंग’. स्ट्रक्चरने पोत उठावदार होतो, शार्पनिंगने बारीक कडा. नवखे लोक स्ट्रक्चर जोरात लावतात आणि फोटो राखेत घोळल्यासारखा होतो. दोन्ही थोडे थोडे लावा आणि मग केलेल्या बदलांची यादी उघडा. त्या यादीतल्या ‘डिटेल्स’वर बोट ठेवले की ब्रशचे चिन्ह येते. आता जिथे बोट फिरवाल तिथेच तो बदल लागतो, बाकी फोटो मूळ राहतो. अ‍ॅपच्या आवृत्तीनुसार बटणांच्या जागा इकडेतिकडे होतात, पण पद्धत हीच. शिवाय ‘सिलेक्टिव्ह’ नावाचे वेगळे टूलही आहे. त्यात चेहऱ्यावर एक बिंदू ठेवायचा, दोन बोटांनी त्याचे वर्तुळ लहानमोठे करायचे आणि तेवढ्याच भागाचा उजेड, कॉन्ट्रास्ट किंवा स्ट्रक्चर बदलायचे.

‘लाइटरूम’मध्ये शार्पनिंगच्याच रांगेत ‘मास्किंग’ हा स्लायडर असतो आणि तोच सर्वांत दुर्लक्षित! तो शून्यावर असला की सगळा फोटो शार्प होतो. तो जसजसा वाढवाल तसतसे आकाश, भिंत, त्वचा असे सपाट भाग वगळले जातात आणि ठळक कडाच उरतात. शार्पनिंगचा आकडा वाढवण्याआधी या स्लायडरला हात लावण्याची सवय केली, तरी अर्धे फोटो वाचतील.

कुठे लावायचे? प्राण्याच्या फोटोत डोळे, नाक, मिशा आणि कानांच्या कडा. माणसाच्या फोटोत डोळे, भुवया, केस, साडीचा काठ. गाल आणि कपाळ सोडून द्या, नाहीतर पंचविशीतली नवरी चाळिशीची दिसते आणि फोटोग्राफरला बोलणी बसतात. पोळ्याच्या बैलजोडीचा फोटो असेल तर शिंगांचा रंग, झुलीची आरसेकाम केलेली नक्षी आणि गळ्यातले घुंगरू. मागची गर्दी धूसरच राहू द्या.

क्रमही महत्त्वाचा आहे. आधी फोटो कापून घ्या, मग उजेड-अंधार नीट करा, नंतर नॉइज कमी करा आणि शार्पनिंग सगळ्यांत शेवटी. उलट केले तर आधी दाणे धारदार होतात आणि मग ते पुसण्याच्या नादात मिशाही पुसल्या जातात. फोटो पूर्ण झूम करून तपासा. लहान स्क्रीनवर सगळेच छान दिसते, पण तोच फोटो वाढदिवसाच्या फ्लेक्सवर गेला की दहा फुटांवरून पांढऱ्या कडा मोजता येतात.

‘एआय एनहान्स’ हे याच जातीचे आहे का?

नाही, आणि सगळा घोळ इथेच आहे. साधे शार्पनिंग असलेल्या पिक्सेलचा जोर वाढवते. ‘एआय’वाले बटण नसलेले पिक्सेल भरते. लाखो फोटो पाहून तयार झालेली ही प्रणाली धूसर डाग पाहते आणि इथे साधारण काय असायला हवे, याचा अंदाज रंगवते. अंदाज इतका सफाईदार असतो की पाहणाऱ्याला तो अंदाज वाटतच नाही.

जून २०२० मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांचे ‘पल्स’ हे सॉफ्टवेअर गाजले ते यामुळेच. बराक ओबामा यांचा मोठ्या चौकटींत धूसर झालेला फोटो त्यात टाकला, तर बाहेर एका गोऱ्या माणसाचा चेहरा आला. चेहरा नितळ, खराखुरा वाटणारा, फक्त ओबामांचा नाही! मार्च २०२३ मध्ये एका वापरकर्त्याने चंद्राचा मुद्दाम धूसर केलेला फोटो संगणकाच्या पडद्यावर लावून सॅमसंगच्या फोनने टिपला. फोनने त्यावर विवरे काढून दिली. पडद्यावर ती नव्हतीच. मार्च २०२४ मध्ये अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातल्या न्यायालयात हत्येच्या खटल्यात बचाव पक्षाने ‘एआय’ने सुधारलेला मोबाइल व्हिडिओ पुरावा म्हणून आणला होता. न्यायाधीशांनी तो स्वीकारला नाही. सॉफ्टवेअरने काय दिसले ते दाखवलेले नाही, काय दिसायला हवे याचे स्वतःचे मत दाखवले आहे, असा त्यांच्या निर्णयाचा रोख होता.

आजोबांचा साठ वर्षांपूर्वीचा लग्नाचा फोटो अशा अ‍ॅपमधून काढला, तर फार तर चुलत्याला ते वेगळे वाटतील. वाघाचे तसे नाही.

पट्ट्यांवर एवढे काय अवलंबून आहे?

दोन वाघांचे पट्टे सारखे नसतात. इतकेच नव्हे, एकाच वाघाच्या डाव्या आणि उजव्या कुशीवरचे पट्टेही वेगळे असतात. म्हणून जंगलातल्या वाटेवर कॅमेरा ट्रॅप समोरासमोर, जोडीने लावतात. कर्नाटकातल्या नागरहोळेत उल्हास कारंथ यांनी १९९० च्या दशकात या पद्धतीने वाघ मोजून दाखवले आणि पायाच्या ठशांवर चालणारी गणती हळूहळू मागे पडली. आता संगणक पट्ट्यांचा नकाशा काढून जुन्या फोटोंशी जुळवतो आणि शेवटी माणूस डोळ्यांनी खात्री करतो. २०१८ च्या देशव्यापी व्याघ्रगणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लागले. ३ कोटी ४८ लाखांवर फोटो निघाले, त्यातले ७६,६५१ वाघांचे होते आणि त्यातून २,४६१ वेगवेगळे वाघ ओळखले गेले. साधा भागाकार केला तर एका वाघामागे सरासरी ३१ फोटो.

टिपेश्वरच्या वाघांनी तर या पद्धतीची पुरती परीक्षा पाहिली आहे. अवघे दीडशे चौरस किलोमीटरचे हे अभयारण्य. तरुण नरांना ते पुरत नाही आणि ते बाहेर पडतात. २०१९ मध्ये इथून निघून सुमारे तीन हजार किलोमीटर फिरत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचलेल्या ‘वॉकर’च्या गळ्यात रेडिओ कॉलर होती, त्यामुळे त्याची वाट कळली. सगळ्यांच्या गळ्यात कॉलर नसते. मार्च २०२१ मध्ये गौताळा औट्रमघाट अभयारण्यातल्या कॅमेऱ्यात एक वाघ दिसला. औरंगाबाद जिल्ह्यात कित्येक दशकांत वाघ नव्हता. डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेत पट्टे जुळवले गेले आणि तो टिपेश्वरचाच निघाला. डिसेंबर २०२४ मध्ये धाराशिव जिल्ह्यातल्या येडशी रामलिंग घाट अभयारण्यात दिसलेला वाघही टिपेश्वरचाच, तोही असाच फोटोंवरून ओळखला गेला. शेकडो किलोमीटरची दोन टोके जोडली ती कुशीवरच्या काही रेघांनी.

या रेघांची कडू बाजूही पांढरकवड्याने पाहिली आहे. राळेगाव-पांढरकवडा पट्ट्यात २०१६ पासून १३ माणसांचे बळी गेले आणि त्यासाठी टी-१, म्हणजेच ‘अवनी’ या वाघिणीला जबाबदार धरण्यात आले. सगळे हल्ले तिचेच का, यावर वन्यजीवप्रेमींनी आक्षेप घेतले. प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. सप्टेंबर २०१८ मध्ये आदेशात हस्तक्षेप करायला सर्वोच्च न्यायालयाने नकार दिला आणि २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री बोराटी परिसरात ती गोळीने मारली गेली. तिच्या मागे दोन बछडे होते. त्या मोहिमेच्या बाजूने असोत वा विरोधात, एका गोष्टीवर सगळ्यांचे एकमत होते : ज्या वाघिणीसाठी आदेश निघाला, बंदुकीसमोर तीच असली पाहिजे. दुसरा वाघ मेला तर एका निरपराध जनावराचा जीव जातो आणि गावावरचे संकट जागच्या जागी राहते.

तिच्या मृत्यूनंतर तिच्या मांडीत बेशुद्धीचा डार्ट दिसणारे छायाचित्र बाहेर आले आणि तोच वादाचा विषय झाला. डार्ट बंदुकीतून मारला, की नंतर हाताने खोचला? असे प्रश्न फोटो झूम करून किंवा शार्प करून सुटत नाहीत. सुटतात ते शवविच्छेदनाने, शस्त्राच्या तपासणीने आणि चौकशीने. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या पथकानेही चौकशी करून आपल्या अहवालात त्या डार्टवर प्रश्न उपस्थित केले होते. फोटोने शंका उभी केली, एवढे त्याचे काम. ते काम त्याने केले, कारण तो ‘सुधारलेला’ नव्हता.

आता हेच आजच्या फोनमध्ये टाकून पाहा. कपाशीच्या शेताच्या धुऱ्यावर संध्याकाळी वाघ दिसला. कोणीतरी लांबून झूम करून फोटो काढला. कुशीवर पिवळ्या-काळ्याचा नुसता गिलावा. ग्रुपवर टाकण्याआधी ‘एनहान्स’ दाबले आणि पट्टे स्वच्छ झाले. पण ते पट्टे या वाघाचे नाहीत. प्रणालीने पूर्वी पाहिलेल्या हजारो वाघांच्या सरासरीतून ते आलेले आहेत. ‘हाच तो’ किंवा ‘हा नवीन आला’ असा गावभर बोभाटा होतो आणि वनरक्षकाच्या हातात तोच फोटो पडतो. तपासणाऱ्याने तो ओळखला आणि बाजूला ठेवला, तर एक खरी नोंद वाया गेली. नाही ओळखला, तर त्याहून वाईट.

नॉइज पुसणारे बटणही इतके साधे नाही. २०२५ च्या सुरुवातीला टिपेश्वरमध्ये गळ्यात तारेचा फास अडकलेली वाघीण फिरत असल्याचे समोर आले. अनेक आठवड्यांच्या प्रयत्नांनंतर तिला बेशुद्ध करून तो काढण्यात आला. फासाची तार किती जाड असते? लांबून घेतलेल्या फोटोत ती जेमतेम एखाद-दोन पिक्सेलची रेघ भरेल. नॉइज कमी करणारे सॉफ्टवेअर अशी रेघ सहज फर समजून गुळगुळीत करून टाकते आणि जोरदार शार्पनिंग गळ्यावरच्या सावलीचीही तार करून दाखवते. जखम, लंगडणारा पाय, मानेवरची सूज यांचेही तेच.

करायचे काय?

प्रदर्शनाला, कॅलेंडरला, स्टेटसला द्यायचा फोटो खुशाल सजवा. तिथेही डोळे आणि चेहऱ्यावर थांबा, कुशीवरचे पट्टे गिरवू नका. ‘एआय’ वापरले असेल तर फोटोखाली तसे लिहा. तपासाला किंवा नोंदीला जाणारा फोटो मात्र मूळच हवा. नियमित जंगलात जाणारे हौशी छायाचित्रकार हे पाळतातही. ग्रुपवरून पुढे ढकलणाऱ्यांना कोणी सांगतच नाही. सफारीच्या गेटवर प्लॅस्टिक, आवाज आणि वेग यांच्या सूचनांचा फलक असतो. त्यात ही एक ओळ वाढवायला वनविभागाला फारसा खर्च येणार नाही.

मूळ फाइलला कायद्यातही वजन आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार डिजिटल पुराव्यासोबत द्यायच्या प्रमाणपत्रात फाइलची ‘हॅश’ नोंदवावी लागते. हॅश म्हणजे फाइलच्या मजकुरातून गणिताने निघणारा एक लांबलचक क्रमांक. एका पिक्सेलचा उजेड एकाने जरी बदलला, तरी क्रमांक पूर्ण बदलतो. शिकारीच्या, फासाच्या किंवा गुरांवरच्या हल्ल्याच्या प्रकरणात तुमचा फोटो उपयोगी पडायचा असेल, तर तो फोनमध्ये अस्पर्श राहिलेला बरा.

व्हॉट्सअ‍ॅपवरून फोटो नेहमीप्रमाणे पाठवला की तो लहान होतो, दाबला जातो आणि त्यातली तारीख-वेळेची मूळ नोंदही गळते. ‘एचडी’ निवडले तरी फाइल मूळ राहत नाही. जोडणीच्या चिन्हावर जाऊन ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला, तर फाइल आहे तशी जाते. पण हे फक्त वनकर्मचाऱ्याला पाठवताना. लोकेशन सुरू असेल तर मूळ फाइलमध्ये जागेचे अक्षांश-रेखांशही असतात. ती फाइल मोठ्या ग्रुपवर टाकणे म्हणजे वाघाचा पत्ता वाटणे. ग्रुपवर साधा फोटो टाका, तोही जागेचे नाव न लिहिता.

आणि धूसर म्हणून काही डिलीट करू नका. हललेल्या फोटोतही मागच्या मांडीवरचे तीन-चार पट्टे सुटे दिसत असतील, तर जुळवणाऱ्याला तेवढे धागे कधीकधी पुरतात. वाघ वळला असेल तर दोन्ही कुशींचे जे फोटो असतील ते सगळे पाठवा. सगळ्यांत सुंदर कोणता, ते निवडत बसू नका.